गावाचा इतिहास गावाच्या हाती

रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, गुरं चारणाऱ्यांना ती चित्रं कधीपासून ठाऊक होती. जांभ्या कातळात कोरलेले हत्ती, मासे, माणसांच्या आकृत्या आणि अर्थ न लागणारी भौमितिक नक्षी. कुणी त्यांना पांडवांनी काढलेली चित्रं म्हणायचं, कुणी त्यांच्यावरूनच पायवाट काढायचं. मोजकी ठिकाणं सोडली, तर अभ्यासकांच्या नकाशावर मात्र त्यांची नोंद नव्हती. २०१२ च्या सुमारास सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई ही रत्नागिरीची मंडळी आपापले कामधंदे सांभाळून सडे पालथे घालू लागली. त्यांची पद्धत अगदी साधी होती. गावात जायचं, गुराख्याला, शेतकऱ्याला, ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारायचं, ‘कातळावर कुठं चित्र बघितलंय का?’ आणि तो नेईल तिथे जायचं.

त्या विचारपुशीतून आणि पुढे जोडल्या गेलेल्या अभ्यासकांच्या कामातून कोकणातल्या ज्ञात कातळशिल्पांची संख्या हजाराच्या पुढे गेली. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. आज कोकणात कुठेही न दिसणारा गेंडा या चित्रांमध्ये दिसतो. ती कोरणाऱ्यांना हा प्राणी माहीत होता, म्हणजे इथलं हवामान आणि अरण्य तेव्हा वेगळं असणार, असा विचार संशोधक करू लागले. २०२२ मध्ये कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमळ युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली.

इतकी मोठी गोष्ट जगासमोर आली ती गावकऱ्यांना प्रश्न विचारल्यामुळे. सरकारी खात्याने मोहीम काढली, मग गावाला कळलं, असं इथे घडलं नाही. आधी गावाने दाखवलं, मग खात्याने पाहिलं. किनाऱ्यावरच्या शहरांचा इतिहास जपायचा असेल, तर हाच क्रम नियम म्हणून स्वीकारायला हवा. स्थानिक माणसाला समारंभाच्या दिवशी व्यासपीठासमोर खुर्चीत बसवून सहभाग होत नाही. नोंद कशाची करायची, जपायचं काय आणि कुठे, हे ठरवण्यात त्याचा अधिकृत वाटा असला पाहिजे.

रत्नागिरीसारख्या शहराला ही गरज अधिक आहे. या शहराची ओळख विचारली की ठरलेली यादी पुढे येते. १८५६ मध्ये लोकमान्य टिळकांचा जन्म झाला ते घर, रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, सावरकरांच्या वास्तव्यात भागोजीशेठ कीर यांनी १९३१ मध्ये उभं केलेलं पतितपावन मंदिर. यादी खरी आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. पण ती वास्तूंची यादी आहे. वास्तूभोवती जगलेल्या माणसांचं काय, याचं उत्तर माहितीफलकावर मिळत नाही.

थिबा राजवाड्याचंच घ्या. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला हा राजवाडा तयार झाला तो १९१० च्या सुमारास, म्हणजे राजाची दोन तपं रत्नागिरीत गेल्यावर. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. १९१९ मध्ये राणी सुपयालत मुलींसह मायदेशी परतली. फलकावरची गोष्ट इथे संपते, शहरातली गोष्ट मात्र पुढे चालू राहते. थोरली राजकन्या रत्नागिरीला परत आली. तिची मुलगी टुटू हिने सारं आयुष्य इथे काढलं, मराठी बोलत, रत्नागिरीच्या गरीब वस्तीतल्या कुठल्याही कष्टकरी बाईसारखं. सुधा शाह यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द किंग इन एक्झाइल’ या पुस्तकात या कुटुंबाची सविस्तर कहाणी सांगितली. त्याच वर्षी म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन राजाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. दोन देशांना जोडणारा हा धागा एवढी वर्षं टिकला तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आठवणीत. टुटूला ओळखणारी पिढी आता उतारवयाला लागली आहे. त्यांच्या आठवणी आवाजासकट जपून ठेवण्याची जागा शहरात हवी.

समुद्राचा इतिहास तर याहून वेगाने निसटतो आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, त्याआधीच्या कितीतरी पिढ्या मुंबईला गेल्या त्या बोटीने. बोट खोल पाण्यात उभी राहायची, उतारू पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, डोक्यावर ट्रंक, काखेत पोर आणि हातात फणस. गिरणगावातल्या खोल्यांमध्ये मनीऑर्डरीवर उभा राहिलेला कोकणचा संसार या बोटींनी वाहून नेला. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. महिन्याभराने स्वातंत्र्य आलं आणि त्या जल्लोषात हा आकांत मागे पडला. किनाऱ्यावरच्या घरांनी तो लक्षात ठेवला, पाठ्यपुस्तकांनी नाही. बोटीतून प्रवास केलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तिकिटाला किती पडायचे, बंदरावर हमाल कोण असायचे, वारा सुटला की पडाव कसा हेलकावायचा, हे सांगणारं दुसरं कुणी नाही.

मिरकरवाड्यातल्या आणि राजीवड्यातल्या जुन्या तांडेलांजवळ असलेलं ज्ञान याच जातीचं आहे. पाण्याखालचा खडक कुठे आहे, किनाऱ्यावरचं कुठलं देऊळ आणि कुठला डोंगर एका रेषेत आला की होडी वळवायची, पाण्याचा रंग बघून मासळी कुठे मिळेल, हे सारं तोंडी चालत आलं. आता ते काम उपग्रहावर चालणारं यंत्र करतं आणि त्यात गैर काहीच नाही. पण यंत्र आलं म्हणून त्या खुणांची नोंद करू नये, असं थोडंच आहे? खाडीचं तोंड पूर्वी किती खोल होतं, किनारा कुठवर होता, कुठली मासळी कधी दिसेनाशी झाली, या प्रश्नांची उत्तरं समुद्रविज्ञानालाही हवी आहेत.

या कामाला मराठीत परंपरा नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. वि. का. राजवाडे गावोगाव, घरोघर फिरले, माळ्यावरचे रुमाल सोडवत राहिले. वाईच्या एका घरात सापडलेल्या कागदांतून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला तो लोकांच्या घरातल्या कागदांवरून. रत्नागिरीतलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे, देशातल्या अनेक विद्यापीठांहून जुनं. गावाची कागदपत्रं, छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रणं एकत्र ठेवायला याहून योग्य घर शोधायची गरज नाही. गरज आहे ती नगरपरिषदेने आणि राज्य सरकारने त्याला एक प्रशिक्षित माणूस, एक कोरडी खोली आणि दरवर्षीची ठरलेली रक्कम देण्याची.

कोरडी खोली हा शब्द कोकणात हलका नाही. चार महिन्यांचा पाऊस, खारी हवा, बुरशी आणि वाळवी यांनी जेवढे कागद संपवले, तेवढे कुठल्या आक्रमकाने संपवले नसतील. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४ पासून उभं आहे. २००५ च्या आणि पुन्हा २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचं पाणी त्यात शिरलं, ग्रंथसंपदेचं अपरिमित नुकसान झालं. वाचनालय पुन्हा उभं राहिलं ते वाचकांच्या आणि देणगीदारांच्या बळावर. त्यातून शिकायचा धडा हा की मूळ कागद एका ठिकाणी असेल, तर त्याची डिजिटल प्रत दुसऱ्या दोन ठिकाणी असायलाच हवी.

कागदावर थांबून मात्र चालणार नाही. कोकणात खोताच्या घरी दप्तर होतं, कुळाच्या घरी नव्हतं. खोती कायद्याने १९४९ मध्ये रद्द झाली, पण वसुली कशी व्हायची आणि वेठीला कोण जायचं, हे दप्तरातून एका बाजूने दिसतं. दुसरी बाजू कुळांच्या नातवंडांनी आजीकडून ऐकलेली आहे. पतितपावन मंदिर कुणी बांधलं हे सगळे सांगतात. ज्यांना तोवर देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांनी तिथे पहिलं पाऊल ठेवलं तो दिवस त्यांच्या घरांत कसा सांगितला गेला, हे विचारायला कोण गेलं? रत्नागिरीतले दालदी मच्छीमार, भंडारी, खारवी, आंबेडकरी वस्त्या, बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायका यांचा वाटा या नोंदीत नसेल, तर उरेल तो चार आळ्यांचा इतिहास. त्याला शहराचा इतिहास म्हणता येणार नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. लोकांच्या सांगण्यावर इतिहास उभा करायचा, तर खऱ्याखोट्याची निवड कशी करायची? गावाच्या अभिमानापुढे पुरावा हरतो, ही भीती निराधार नाही. विजयदुर्गाचं उदाहरण समोर आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असं दरवर्षी उत्साहाने सांगितलं जातं. कागदपत्रं वेगळं सांगतात. त्या ग्रहणात सूर्याचा वर्णपट पाहणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन आंध्रातल्या गुंटूरला होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते आणि त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट टिपला. ते विजयदुर्गाला खरोखर आले ते ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी तिथे निरीक्षणाचा मोठा तळ मांडला होता आणि त्याचा अहवालही छापला.

खरी हकीकत कमी अभिमानाची आहे का? मुळीच नाही. विज्ञानाच्या इतिहासात विजयदुर्गाचं नाव आहेच, फक्त साल आणि कारण वेगळं आहे. उलट १८९८ ची गोष्ट नीट सांगितली, तर त्या तळाला पाणी कुणी पुरवलं, सामान कुणाच्या होड्यांनी उतरलं, गावातल्या कुणी ते ग्रहण पाहून घरात काय सांगितलं, हे शोधण्याचं काम विजयदुर्गच्या शाळांनाच करता येईल. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यातल्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्गाबरोबर विजयदुर्गही आहे. आता जगभरचे पाहुणे येतील. त्यांना चुकीचं सांगून गावाची मान उंचावणार नाही.

म्हणून लोकसहभागाला शिस्त हवी. प्रत्येक आठवणीपुढे सांगणाऱ्याचं नाव, वय, ठिकाण, तारीख हवी. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवावी आणि दोन माणसांनी दोन तऱ्हा सांगितल्या, तर दोन्ही ठेवाव्यात. महाविद्यालयातल्या इतिहासाच्या आणि भूगोलाच्या प्राध्यापकांनी ही पडताळणी आपलं काम मानावं. कातळशिल्पांच्या बाबतीत हेच झालं. गुराख्याने जागा दाखवली, अभ्यासकांनी मोजमापं घेतली, काळाविषयीचे दावे तज्ज्ञांवर सोपवले. दोघांपैकी एकावर काम भागलं नसतं.

दुसरा प्रश्न जमिनीचा आहे आणि तो अवघड आहे. कातळशिल्पं बहुतेक खासगी सड्यांवर आहेत. त्याच जांभ्यातून चिरे निघतात, तिथेच सुरुंग लावून आंब्या-काजूची कलमं लावली जातात, तिथूनच रस्ते जातात. बारसूच्या सड्यावर तर तेलशुद्धीकरण प्रकल्प आणायचं ठरलं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू होताच गावकरी सड्यावर उतरले. प्रकल्पाच्या बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्यांनी आपापले मुद्दे मांडले. युनेस्कोच्या संभाव्य यादीतलं ठिकाण त्याच परिसरात असताना, ग्रामसभेला विश्वासात घेऊन आधी वारशाची संपूर्ण नोंद व्हायला हवी होती, एवढं तरी दोन्ही बाजूंना मान्य व्हावं.

शेतकऱ्याला नुसतं ‘जपा’ म्हणून भागत नाही. ज्याच्या चार गुंठ्यांत चित्र निघालं, त्याला ती जागा ओझं वाटू लागली, तर तो ती बुजवून टाकेल आणि दोष त्याचा नसेल. त्याला जमिनीचा मोबदला किंवा भाडं, वाटाड्या म्हणून कामाची पहिली संधी आणि येणाऱ्या पर्यटकांच्या शुल्कात हिस्सा मिळायला हवा. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या गावातल्या हत्तीच्या शिल्पाभोवती संरक्षक बांध घालून वाट दाखवली आहे. गावाला जिथे आपलेपणा वाटला, तिथे पहारेकरी नेमावा लागला नाही.

हे सगळं एखाद्या चांगल्या माणसाच्या उत्साहावर सोडता येणार नाही. त्यासाठी चौकट हवी आणि तिचा नमुना देशाच्या कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. झाडं, बियाणं, मासे, औषधी वनस्पती आणि त्यांविषयीचं लोकांचं ज्ञान त्या वहीत लिहायचं. तशीच लोकवारसा नोंदवही राज्य सरकारने किनाऱ्यावरच्या प्रत्येक स्थानिक संस्थेला बंधनकारक करावी. तीत देऊळ, मशीद, विहीर, बंदर, वखार, कातळशिल्प यांच्याबरोबर शिमग्यातल्या पालखीचे मान, नमन-खेळ्यांची सोंगं, होडी बांधणाऱ्या सुतारांची नावं आणि संगमेश्वरी बोलीतली गाणीही यावीत. १९६० चा राज्याचा पुरातत्त्व कायदा संरक्षित स्मारकांना आधार देतो, पण त्याच्या यादीत न बसणारं बरंच काही गावात असतं. बांधकामाची, खाणीची किंवा रस्त्याची परवानगी देताना ही वही उघडून पाहणं सक्तीचं केलं, तर निम्मा नाश तिथेच थांबेल.

जैवविविधतेच्या नोंदवह्यांच्या बाबतीत झालेली चूक मात्र टाळावी. मुदत संपत आली म्हणून अनेक ठिकाणी त्या घाईघाईने, बाहेरच्या माणसांकडून भरून घेतल्या गेल्या. वही गावात राहिली, गावाला तिचा पत्ता नाही. वारशाची नोंद शाळेच्या मुलांनी, बचत गटातल्या बायकांनी, मच्छीमार सोसायटीने आणि वाचनालयाने मिळून करावी आणि दरवर्षी ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत ती मोठ्याने वाचली जावी. चुका तिथल्या तिथे दुरुस्त होतील, राहिलेलं कुणीतरी सांगेल.

कोकणी माणूस जुनी कागदपत्रं बाहेर द्यायला कचरतो, हेही समजून घ्यायला हवं. सातबारावर वीस नावं असतात, जुना कागद निघाला की भाऊबंदकीचा वाद निघेल, असं त्याला वाटतं. म्हणून नियम स्पष्ट असावेत. मूळ कागद घरधन्याकडेच राहील, वाचनालय फक्त प्रत काढेल, काय उघडं करायचं आणि काय नाही हे घरचेच ठरवतील. मुंबईत, पुण्यात, आखातात गेलेल्या चाकरमान्यांकडेही जुनी छायाचित्रं आणि पत्रं आहेत. गणपतीला आणि शिमग्याला ते गावी येतात. त्या दिवसांत वाचनालयाने दोन टेबलं मांडून प्रती काढून घ्यायची सोय करावी.

रत्नागिरी नगरपरिषदेने येत्या अंदाजपत्रकात नगर वाचनालयातल्या अशा दालनासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि जिल्हा परिषदेने लोकवारसा नोंदवहीचा ठराव करून तो राज्य सरकारकडे पाठवावा. यासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी बोटीने मुंबईला गेलेलं, होडीवर तांडेल असलेलं किंवा खोताच्या शेतात राबलेलं माणूस अजून आहे, त्यांनी येत्या सुट्टीत त्याच्याजवळ बसावं, मोबाईलवर त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं, नाव, गाव आणि तारीख लिहावी आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात नेऊन द्यावी.